खूणगाठ



माझी आजी काही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची. दळण आणायचंय, शेजारणीचं पातेलं परत द्यायचंय, कुणाच्या बारशाला जायचंय. एक काम, एक गाठ. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती पदर चाचपायची, गाठ हाताला लागायची आणि ती कपाळावर हात मारायची. गाठ जागेवर होती, पण कशाची ते आठवत नसे. मग आम्हा पोरांना विचारायची, "अरे, ही कशाची मारली होती मी?" आम्ही काय सांगणार! गाठ तिची, खूण तिची. दुसऱ्याला ती वाचता येत नव्हती, आणि कधीकधी तिलाही.

बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्याला गाठ वाचता येते का, एवढाच आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी गणित शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे लेखापरीक्षणात गेले आणि नोकरीभर लोकांच्या वह्या तपासल्या. संयोजकांनी "युरोपीय लोक पोचण्याआधीच्या अमेरिकेतल्या संस्कृती" हा विषय सुचवला तेव्हा मी सरळ सांगितलं, की मी इतिहासाची प्राध्यापक नाही, दोन खंडांचा इतिहास माझ्यानं पेलणार नाही. पण तिथल्या एका राज्याच्या हिशेबाच्या वहीनं मला कधीपासून झपाटलं आहे. त्या वहीला कागद नाही, शाई नाही, अक्षर नाही. तिच्याबद्दल बोलू द्याल तर येते. त्यांनी येऊ दिलं.

त्या राज्याचं नाव तवांतिनसुयू. केचुआ भाषेतलं हे नाव. चार भाग मिळून झालेलं एक, असा त्याचा अर्थ. आपण त्याला इंका साम्राज्य म्हणतो. राजधानी कुस्को, समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी कुस्को थोडं वरच राहील. आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिलीच्या मध्यापर्यंत सुमारे ४००० किलोमीटर लांब असं हे राज्य अँडीज पर्वताच्या पाठीवर पसरलेलं होतं. प्रजा किती, याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण एक कोटीच्या आसपास बहुतेक जण मानतात. आणि हा सगळा पसारा मुख्यतः पंधराव्या शतकात, शंभर वर्षांच्या आत उभा राहिला.

आता यांच्याकडे काय नव्हतं ते सांगते. गाडीचं चाक नव्हतं. लोखंड नव्हतं. घोडा नव्हता, बैल नव्हता. ओझ्याला लामा नावाचं जनावर, आणि लामा फार ओझं घेत नाही. नाणं नव्हतं. कर पैशात नसे, अंगमेहनतीत असे. पाळीपाळीनं सरकारच्या कामावर जायचं, त्याला मिता म्हणत. आणि लिपी नव्हती.

तरीही रस्ते होते. जवळपास ३०,००० किलोमीटरचं जाळं, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं तेव्हा सहा देशांना मिळून अर्ज करावा लागला. रस्त्यावर ठरावीक टप्प्यांवर तांबो, म्हणजे आपल्या धर्मशाळेसारखे मुक्कामाचे वाडे. त्यांना लागून कोठारं. वानुको पाम्पा या एकाच ठाण्याच्या टेकडीवर सुमारे ५०० कोठारांच्या ओळी मोजल्या गेल्या आहेत. त्यांत मका, वाळवलेला बटाटा, कापड, हत्यारं. आणि रस्त्यावरून पळणारे चास्की, टप्प्याटप्प्यानं निरोप पुढे देणारे जासूद.

माझ्यासारखीला इथं पहिला प्रश्न पडतो तो हा: ५०० कोठारांत काय आहे, कुणी भरलं, कुणी नेलं, हे कोण लिहून ठेवत होतं?

शाळेत आपण संस्कृतीची लक्षणं घोकली. नगरं, धातू, चाक, लेखनकला. ही यादी इराक, इजिप्त आणि सिंधूच्या खोऱ्यावर बेतलेली आहे. तिथल्या मापानं शिवलेला सदरा अँडीजच्या अंगाला लावला आणि तो बसला नाही, तर चूक अंगाची ठरली. अमेरिका म्हणजे काही फक्त इंका नव्हेत, हेही सांगून टाकते. मेक्सिको आणि ग्वातेमालातल्या मायांकडे चांगली लिपी होती, शून्याला चिन्ह होतं, आणि विसाव्या शतकात ती लिपी उलगडलीही. त्यांच्यावर एक वेगळं व्याख्यान ठेवा, वेगळा वक्ता बोलवा.

अँडीजच्या लोकांचा हात कशावर बसला होता? माझं उत्तर: दोऱ्यावर. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर वाका प्रिएता इथं सुती कापडाचे तुकडे सापडले, सुमारे ६००० वर्षांपूर्वीचे, आणि त्यांच्यात निळीचा रंग मिळाला. निळीनं रंगवलेलं याहून जुनं कापड जगात कुठे सापडल्याचं माझ्या वाचनात नाही. पुढे इसवी सनापूर्वी सुमारे २६०० मध्ये सुपे नदीच्या खोऱ्यात काराल हे नगर उभं राहिलं. तिथं मातीची भांडी नाहीत, पण पिरॅमिड आहेत. ते बांधताना मजुरांनी लव्हाळ्याच्या विणलेल्या जाळीदार पिशव्यांत दगड भरले आणि पिशव्यांसकट रचले. या पिशव्यांना शिक्रा म्हणतात. गंमत अशी, की दगडाचं वय काढता येत नाही, पण लव्हाळ्याचं काढता येतं. कारालचं वय कळलं ते या पिशव्यांमुळे.

पूल पाहा. अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा झुलता पूल आहे, गवताच्या दोरांचा. बायका गवताच्या बारीक दोऱ्या वळतात, पुरुष त्यांचे जाड दोरखंड पिळतात, आणि दर जूनमध्ये चार वाड्यांचे लोक मिळून जुना पूल नदीत सोडून देतात आणि नवा बांधतात. इंकांच्या काळापासून ही पद्धत चालत आली आहे. महामारीत एक पाळी चुकली आणि २०२१ मध्ये पूल कोसळला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी तो पुन्हा बांधला.

इंका राज्यात तलम कापडाचा मान सोन्याहून मोठा होता. सरदाराला बक्षीस द्यायचं तर कापड, जिंकलेल्या राजाला आपलंसं करायचं तर कापड, देवापुढे जाळायचं तेही कापड. स्पॅनिश लोक सोन्यासाठी जीव टाकत होते याचं तिथल्या लोकांना नवल वाटलं असेल, यात काही आश्चर्य नाही. अशा लोकांनी हिशेब ठेवायला मातीची वीट का घ्यावी? त्यांनी हाताशी होता तो दोरा घेतला.

किपू म्हणजे केचुआत गाठ. एक जाडसर मुख्य दोरी. तिला झालरीसारख्या लोंबत्या दोऱ्या, कधी दहा-वीस, कधी शेकड्यांनी. लोंबत्या दोऱ्यांना पोटदोऱ्या, पोटदोऱ्यांना आणखी पोटदोऱ्या. दोरी सुताची किंवा लोकरीची, रंग निरनिराळे, पीळ उजवा किंवा डावा. आणि त्यांवर गाठी.

या गाठी काय सांगतात हे नेमकं मांडलं ते लेलँड लॉक या अमेरिकन माणसानं, १९१२ मध्ये. हे गृहस्थ गणिताचे शिक्षक होते; गुरुजींना ऐकून बरं वाटलं असतं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातले किपू त्यांनी पाहिले, गाठी मोजल्या आणि पद्धत दाखवून दिली. लोंबत्या दोरीचं मोकळं टोक धरा. टोकाजवळच्या गाठी एककाच्या. त्याच्यावर जागा सोडून दशकाच्या, आणखी वर शतकाच्या, त्यावर हजाराच्या. समजा, ३५२ लिहायचे आहेत. वर तीन साध्या गाठी, मध्ये पाच साध्या गाठी, खाली एक लांब गाठ, तिच्यात दोन वेढे. एककासाठी वेढ्यांची गाठ वापरायची, म्हणजे आकडा कुठे संपला ते चाचपूनही कळतं. एक हा आकडा मात्र अडचणीचा: एका वेढ्याची लांब गाठ म्हणजे साधीच गाठ झाली. मग एकासाठी आठाच्या आकाराची वेगळी गाठ. आणि शून्य? त्या जागी गाठ नाही. दोरी तेवढी रिकामी.

आपण दशमान पद्धतीचा अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. पण इथं समुद्रापलीकडे, आपल्याशी काडीचाही संबंध नसताना, कुणीतरी स्थानमूल्य दोरीवर बांधलं होतं. लॉक यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती वाचताना मी खुर्चीतून उठले होते. काही किपूंत मुख्य दोरीच्या वरच्या बाजूला एक दोरी असते. तिच्यावरचा आकडा खालच्या दोऱ्यांच्या आकड्यांची बेरीज असतो. म्हणजे प्रत्येक पानाखाली एकूण! ज्याला हिशेब तपासायचा असतो, त्याच्याच सोयीची ही गोष्ट आहे. स्वतःच्या आठवणीसाठी गाठ मारणारा बेरीज कशाला बांधून ठेवील?

किपू बांधणारा आणि राखणारा तो किपूकामायोक. आपल्या भाषेत गावचा कुळकर्णी. राज्याची शिरगणती दहाच्या पटीत: दहा घरांवर एक मुकादम, शंभरांवर एक, हजारावर एक, दहा हजारांवर एक. गार्सिलासो दे ला व्हेगा हा लेखक १५३९ मध्ये कुस्कोत जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजघराण्यातली. तो लिहितो, की गाव कितीही लहान असलं तरी तिथं निदान चार किपूकामायोक असत, मोठ्या गावांत वीस-तीस, आणि सगळे एकच हिशेब ठेवीत. हेतू हा, की एकानं लबाडी करायची तर सगळ्यांनी मिळून करावी लागावी. ज्यांना गावच्या एकुलत्या एका कुळकर्ण्याच्या गोष्टी ठाऊक आहेत, त्यांनी हा उपाय लक्षात ठेवावा.

पुरावा दोऱ्यांतही आहे. लिमा शहराच्या कडेला पुरुचुको नावाचा इंकाकालीन वाडा आहे. १९५६ मध्ये तिथं जवळच्या घरात पुरलेल्या एका रांजणात एकवीस किपू मिळाले. गॅरी अर्टन आणि कॅरी ब्रेझिन या अभ्यासकांनी २००५ मध्ये त्यांतले सात किपू एकमेकांना जुळतात हे दाखवलं. खालच्या किपूंवरच्या आकड्यांच्या बेरजा मधल्यांवर, मधल्यांच्या बेरजा सर्वांत वरच्यावर. गावच्या खात्याचा आकडा परगण्याच्या खात्यात उतरावा तसा. वरच्या किपूंच्या सुरुवातीला आठाच्या आकाराच्या तीन गाठी आहेत, खालच्यांना नाहीत. हे गावाचं नाव असावं, असं त्यांचं म्हणणं. गावाबाहेर जाणाऱ्या कागदावर गावाचं नाव लागतं. गावातल्या वहीवर कशाला?

दुसरी जागा इंकावासी, लिमाच्या दक्षिणेला कान्येते नदीच्या खोऱ्यात. इंकांनी शेजारच्या लोकांशी लढाई चालू असताना बांधलेलं ठाणं. पुरातत्त्वज्ञ आलेहांद्रो चू यांना तिथल्या कोठारात किपू सापडले, आणि तेही ज्या मालाचा हिशेब होता त्या मालाच्या सोबत. काही किपू शेंगदाण्यांच्या जोडीला, काही मिरच्यांच्या. जमिनीवर माल पसरून मोजायला चौकोन आखलेले. काही किपूंत प्रत्येक मोठ्या आकड्यातून एक ठरावीक आकडा वजा करून उरलेला बांधला आहे. कर, घट की कोठाराचा हक्क, ते सांगता येत नाही, पण वजाबाकी तिथं आहे. शेंगदाणे आणि मिरच्या! उपासाच्या खिचडीतले शेंगदाणे, मिरची आणि बटाटा हे तिन्ही अमेरिकेतले. पोर्तुगीज नसते तर आपली एकादशी कशी पार पडली असती, हा एक स्वतंत्र विषय.

आता मी ज्या गोष्टीसाठी आले ती.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का गावच्या चौकात फ्रान्सिस्को पिसारोनं १६८ माणसांनिशी इंका राजा आतावाल्पाला पकडलं. त्याआधी व्हिसेंते दे व्हाल्वेर्दे हा धर्मगुरू पुढे झाला होता आणि त्यानं राजाच्या हाती पुस्तक दिलं होतं. राजानं ते पाहिलं आणि फेकून दिलं. पुस्तक त्याच्याशी काही बोललं नाही, असं नंतर लिहिलं गेलं. मग तोफ उडाली. हा प्रसंग चित्रात, नाटकांत पुष्कळ आला आहे आणि त्याचा अर्थ नेहमी एकच काढला जातो: अक्षराचं राज्य आलं, अडाणी राज्य पडलं. इंका राजघराण्यातलं यादवी युद्ध, युरोपातून आलेल्या साथी, आणि इंकांवर खार खाऊन असलेल्या जमाती यांचं नाव त्यात क्वचित येतं.

अशी एक जमात म्हणजे हाउहा खोऱ्यातले वांका लोक. इंकांनी त्यांना काही पिढ्यांपूर्वी जिंकलं होतं आणि ते विसरले नव्हते. त्यांनी पिसारोची बाजू घेतली. धान्य दिलं, लामा दिले, कापड दिलं, ओझी वाहायला माणसं दिली. पहिल्या दिवसापासून त्यांच्या किपूकामायोकांनी ते सगळं बांधून ठेवलं. स्पॅनिश लोकांनी मागून जे नेलं ते वेगळं, आणि न मागता लुटून नेलं ते वेगळं.

सिएसा दे लेओन हा स्पॅनिश सैनिक पुढे मोठा बखरकार झाला. किपूंबद्दल त्यानं ऐकलं होतं, पण त्याला ती भाकडकथा वाटे. १५५० च्या आसपास तो हाउहा खोऱ्यात मार्काव्हिल्का इथं गेला आणि तिथला सरदार ग्वाकरापोरा याला म्हणाला, समजावून दे. सरदारानं आपले किपूकामायोक बोलावले. पिसारो आल्यापासून खोऱ्यानं स्पॅनिश लोकांना काय काय दिलं ते त्यांनी दोऱ्यांवरून सांगितलं: सोनं, रुपं, कापड, मका, लामा, एकही वस्तू न वगळता. सिएसा थक्क झाला आणि त्यानं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

वांका लोकांनी हे कौतुकासाठी बांधलेलं नव्हतं. १५५८ मध्ये हेरोनिमो ग्वाक्रापाउकार हा त्यांचा सरदार लिमाच्या आउदिएन्सियापुढे, म्हणजे स्पेनच्या राजाच्या वरिष्ठ न्यायालयापुढे, दाव्यासाठी उभा राहिला. १५६१ मध्ये खोऱ्यातल्या दुसऱ्या भागाच्या सरदारानं तसाच दावा लावला. किपूकामायोक कोर्टात बसले, बोटं दोऱ्यांवरून फिरवत, आणि वर्षामागून वर्ष, मोहिमेमागून मोहीम वाचत गेले. कोणत्या सेनापतीच्या फौजेला किती माणसं दिली, त्यांतली किती परत आली नाहीत, किती लामा, किती पोती मका, किती बटाटे, किती जोड पायताणं. कारकुनानं ते स्पॅनिशमध्ये उतरवून घेतलं, म्हणून आज आपल्याला ते वाचता येतं. कोर्टानं हे वाचन पुरावा म्हणून दाखल करून घेतलं.

जॉन मुरा या अभ्यासकानं या कागदांवर एक सुंदर निबंध लिहिला आहे. त्यानं एक साधी गोष्ट टिपली: नोंदींचा क्रम ठरलेला आहे. आधी माणसं, मग लामा, मग कापड, त्यानंतर धान्य आणि बाकीच्या जिनसा. पुन्हा पुन्हा तोच क्रम. मुरा म्हणतो, हा त्या राज्याच्या मनातला क्रम आहे. मी म्हणते, हे खातेपुस्तकातले खात्यांचे क्रमांक आहेत. नव्या मालकांनी आणलेल्या नव्या वस्तू, कोंबड्या वगैरे, शेवटी जोडल्या जातात. जुना क्रम हलत नाही. वीस-पंचवीस वर्षं राज्य पडून झाली, राजा मेला, साथींनी माणसं गेली, तरी वांका कारकुनांनी खातं बंद केलं नाही.

नोकरीत मी पुष्कळ वह्या पाहिल्या. पूर्ण, सुंदर अक्षरातल्या, शिक्क्यांच्या, आणि आतून पोकळ. लुटीच्या काळात लुटीचाही हिशेब ठेवणारी वही मी पाहिलेली नाही.

दोऱ्याच्या या वहीचं पुढे काय झालं? १५८३ मध्ये लिमाला भरलेल्या तिसऱ्या धर्मपरिषदेनं किपू हे मूर्तिपूजेचं साधन ठरवलं आणि ते जाळून टाकावेत असा हुकूम काढला. कोर्टात पुरावा, चर्चमध्ये पाप. आणि तरीही त्याच काळात काही धर्मगुरू खेड्यातल्या लोकांना सांगत होते, की कबुलीजबाबाला येताना आपली पापं किपूवर बांधून आणा, म्हणजे एकही सुटायचं नाही. उपयोगी पडणाऱ्या गोष्टीला धर्मबाह्य ठरवायला वेळ लागतो. जाळपोळीचा दोष सगळाच स्पॅनिश लोकांवर टाकता येत नाही, हेही सांगायला हवं. यादवी जिंकल्यावर आतावाल्पाच्या सेनापतींनी कुस्कोतले किपूकामायोक मारले आणि किपू जाळले, म्हणजे इतिहास नव्यानं सुरू व्हावा, असं एका जुन्या कैफियतीत नोंदलेलं आहे.

जगभरच्या संग्रहालयांत आज हजाराहून अधिक किपू आहेत. बहुतेक किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूतल्या थडग्यांतून आलेले. कुठून, कुणाच्या अंगावरून, कशाशेजारी, याची नोंद फार थोड्यांची आहे, कारण ते खणले चोरांनी आणि विकत घेतले हौशी लोकांनी. आपल्याकडे पेशवे दफ्तरात मोडीचे रुमाल पडून आहेत आणि वाचणारे मोजके, म्हणून आपण हळहळतो. पण मोडी वाचता येते. इथं शेवटचा वाचणारा कधी गेला ते कुणी टिपून ठेवलेलं नाही.

आकड्यांचे किपू कळतात. पण सगळे किपू लॉक यांच्या नियमात बसत नाहीत. पुष्कळांत गाठींची रचना वेगळीच आहे. बखरकार सांगतात, की किपूंत कुळांच्या कथा, राजांच्या मोहिमा, पत्रं होती. ती कशी? इथं माझ्या आजीचा पदर पुन्हा पुढे येतो. अभ्यासकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, किपू ही आठवणीची दोरी. बांधणाऱ्याच्या डोक्यात कथा असे, गाठ तिला फक्त जागी करी. दुसरा म्हणतो, चास्की हातात किपू घेऊन पळत, कुस्कोतला अनोळखी किपूकामायोक तो वाचत असे, तेव्हा काहीतरी सामायिक संकेत असलाच पाहिजे. मी दुसऱ्या तटाची. हिशेबाच्या जगात जी वही लिहिणाऱ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही तिला वही म्हणत नाहीत, आणि चार-चार माणसं एकच वही ठेवतात तेव्हा ती पदराची गाठ नसते.

इतक्यात काही दिलासा देणाऱ्या गोष्टी घडल्या आहेत. २०१५ मध्ये साबीन हायलंड या मानववंशशास्त्रज्ञ बाई सान हुआन दे कोयाता नावाच्या डोंगरातल्या खेड्यात पोचल्या. गावकऱ्यांनी लाकडी पेटीत जपलेले दोन किपू त्यांना दाखवले. अठराव्या शतकातल्या बंडाच्या वेळी सरदारांनी पाठवलेली ही पत्रं आहेत, असं गावात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते. त्यांत दोऱ्यांचे ९५ वेगवेगळे प्रकार निघाले: रंग, पीळ आणि कोणत्या प्राण्याचे केस. विकुन्या, अल्पाका, हरिण, रानसशासारखा एक प्राणी. गावातल्या पुरुषांनी त्यांना सांगितलं, बघू नका, चाचपा. डोळ्यांना सारखी दिसणारी दोरी बोटांना वेगळी लागते. ९५ ही संख्या शब्दावयव दाखवणाऱ्या लिपीला शोभेशी आहे. हे किपू स्पॅनिश काळातले, त्यामुळे अक्षराची सावली त्यांच्यावर पडलेली असू शकते, हा आक्षेप रास्त आहे आणि हायलंड बाईंनाही तो मान्य आहे.

दुसरी गोष्ट मॅनी मेद्रानोची. तो हार्वर्डला पदवीचा विद्यार्थी होता. अर्टन यांच्याकडे सांता नदीच्या खोऱ्यातल्या सहा किपूंची माहिती आणि त्याच भागातली १६७० ची स्पॅनिश करनोंद होती. करनोंदीत १३२ करदाते. किपूंत सहा-सहा दोऱ्यांचे जवळपास तेवढेच गट. मेद्रानोनं सुट्टीत बसून दोन्ही जुळवून पाहिले. दोरी मुख्य दोरीला पुढून बांधली की मागून, यावरून तो माणूस गावाच्या कोणत्या अर्ध्या भागातला ते कळत असावं, असा निष्कर्ष निघाला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे गाठीच बोलतात असं नाही, ती बांधण्याची तऱ्हाही बोलते.

आणि तिसरी. २०२५ मध्ये हायलंड आणि सहकाऱ्यांनी एका किपूची मुख्य दोरी तपासली. ती माणसाच्या केसांची निघाली, एका माणसाच्या मीटरभराहून लांब केसांची. किपूला स्वतःचे केस म्हणजे बांधणाऱ्याची सही, अशी समजूत आहे. केसांतून त्या माणसाचं खाणं कळलं: कंद आणि पालेभाज्या; मांस आणि मका नुसते नावाला. मक्याची दारू राजघराण्याच्या पंगतीतली. हा माणूस खालच्या घरातला असावा. किपू वरच्या थरातल्या लोकांच्याच हातात होते, असं जुने बखरकार सांगत आले. दोरी वेगळं सांगते.

एवढं कौतुक केल्यावर कुणी म्हणेल, बाई प्रेमात पडल्या. पडले असेन, पण आंधळेपणानं नाही. हे दयाळू राज्य नव्हतं. जिंकलेल्या गावातली माणसं उचलून शेकडो मैलांवर वसवत. डोंगरमाथ्यांवर मुलांचे बळी देत. १९९९ मध्ये युयायाको ज्वालामुखीच्या माथ्याजवळ, ६७०० मीटरहून उंच, गोठलेली तीन मुलं सापडली. किपूवर लामांआधी माणसं येतात त्याचा अर्थ माणसाला पहिला मान असाही होतो आणि माणूस ही सर्वांत मौल्यवान जिन्नस असाही होतो. वांका लोकांना दुसरा अर्थ चांगला ठाऊक होता, नाही तर ते पिसारोकडे गेले नसते. आपण लिपीशिवाय चाललेलं राज्य म्हणून नवल करतो. लिपी असलेली राज्यं माणसांशी याहून बरी वागली, असं मात्र मला दप्तरं चाळून म्हणता येणार नाही.

मराठीत पोथीला ग्रंथ म्हणतात. ग्रंथ म्हणजे गुंफलेलं, बांधलेलं, ग्रंथी म्हणजे गाठ, धातू एकच. थोडक्यात सांगितलेल्या शास्त्राला सूत्र म्हणतात, आणि सूत्र म्हणजे दोरा. हे शब्द रोज वापरणाऱ्या लोकांनी दोऱ्यावर लिहिणाऱ्यांना निरक्षर म्हणणं बरं दिसत नाही. पाठ्यपुस्तकं लिहिणारे कुणी इथं बसले असतील तर त्यांनी लेखनकलेला संस्कृतीचं लक्षण ठरवणारं ते एक वाक्य पुढच्या आवृत्तीत बदलावं.

लिमाच्या वरच्या डोंगरात टुपिकोचा नावाचं गाव आहे. फ्रँक सॅलोमन यांनी तिथं राहून अभ्यास केला. गावातल्या प्रत्येक भावकीचा एकेक किपू आहे. आज तो कुणालाच वाचता येत नाही. तरीही जानेवारीत पंचायत बसते, जुने कारभारी उतरतात, नवे येतात, तेव्हा किपू बाहेर काढतात आणि नव्या कारभाऱ्याच्या खांद्यावरून छातीवर जानव्यासारखा तिरका घालतात. त्यानंतरच त्याचा कारभार सुरू होतो.

शेकडो किपूंची मोजमापं, म्हणजे प्रत्येक दोरीचा रंग, पीळ आणि गाठींची जागा, आता महाजालावर खुली आहेत, फुकट. लॉक शाळेत गणित शिकवत होते, मेद्रानो विद्यार्थी होता. या सभागृहात गणिताचे शिक्षक असतील, संगणकावर काम करणारी मुलं असतील, विणकाम जाणणाऱ्या बायका असतील, आणि बायकांची बोटं इथं सगळ्यांत जास्त उपयोगाची. कुणी बसणार असेल तर कार्यकर्त्यांकडे नाव देऊन ठेवा. बेरजा तपासायला मी येते.